त्या दोघांना आज अडवते कोण? समकालीन प्रेमनाट्य लिहिण्याची रीत

प्रेमकथा लिहिणाऱ्यांच्या हाताशी पूर्वी एक मोठी सोय होती. दोन घराण्यांचे वैर, संपत्तीतील तफावत, युद्ध, समुद्रापलीकडचे अंतर अशी एखादी भिंत दोघांच्या मध्ये उभी केली, की ओढही दिसे आणि ताणही आपोआप निर्माण होई. या भिंती आजही अनेकांच्या आयुष्यात खऱ्या आहेत आणि ज्याला त्यांच्याविषयी सांगायचे आहे त्याने ते अवश्य सांगावे. मात्र ज्या कथेत दोन सज्ञान, कमावती आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी माणसे आहेत, त्या कथेचा प्रेक्षक पहिल्या काही प्रसंगांतच मनाशी विचारतो, की यांना एकमेकांपासून अडवते आहे तरी कोण? या प्रश्नाचे उत्तर लेखकाजवळ नसले, तर सुंदर चेहरे, पाऊस आणि पार्श्वसंगीत यांच्या आधाराने कथा थोडा वेळ चालते आणि मध्यावर येऊन थांबते. म्हणून चित्रपट, नाटक किंवा मालिका यांपैकी काहीही लिहायचे असो, कामाची सुरुवात या प्रश्नापासून करावी.

अडथळा एका वाक्यात मांडणे

कथानकाचा आराखडा करण्यापूर्वी कागदावर एक वाक्य पूर्ण करावे: ‘ही दोन माणसे एकमेकांना शोभणारी असूनही एकत्र येऊ शकत नाहीत, कारण…’ या ‘कारण’च्या पुढे केवळ एखादी बाहेरची घटना आली, उदाहरणार्थ बदली, अपघात किंवा कोणीतरी रचलेले कारस्थान, तर ते वाक्य अजून पुरे झालेले नाही असे समजावे. त्या घटनेने यांनाच का मोडले, दुसऱ्या एखाद्या जोडप्याला का मोडले नसते, हे त्या वाक्यात यायला हवे.

अडथळ्याची ताकद तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला फोन करून खरे काय ते सांगितले, तर कथा संपते का? संपत असेल, तर अडथळा कच्चा आहे. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये अखेरचा घात होतो तो एक पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे, ते घेऊन निघालेला धर्मगुरू प्लेगच्या संशयावरून एका घरात अडकून पडतो. त्या काळाच्या प्रेक्षकाला हे पटत होते. आज प्रत्येकाच्या खिशात निरोप पोहोचवणारे यंत्र आहे आणि गैरसमजावर तोललेले कथानक पाहताना प्रेक्षक मनातल्या मनात पात्रांच्या वतीने तो फोन करून मोकळा होतो.

याच संदर्भात शकुंतलेची कथा दोन रूपांत शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. महाभारतातील कथेत शाप नाही. तेथे राजाला सारे आठवत असूनही तो भर सभेत तिला नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यानंतर कबूल करतो, की केवळ तिच्या शब्दावर तिला स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती. कालिदासाने नाटकात दुर्वासाचा शाप आणला आणि त्यामुळे राजा दोषमुक्त होऊन प्रेक्षकाची सहानुभूती टिकवू शकला. नाट्यरचना म्हणून ती युक्ती अप्रतिमच आहे, परंतु आजच्या लेखकाला शापाची वाट मोकळी नाही. त्याला महाभारतातल्या त्या राजाकडेच परत जावे लागते, ज्याला सगळे ठाऊक आहे, जो प्रेमही करतो आणि तरीही लोकांच्या नजरेला घाबरतो. त्याच्यावर रागावताना प्रेक्षकाला स्वतःच्या भित्रेपणाचीही आठवण होते, आणि प्रेमनाट्याला हवा असतो तो हाच ताण.

दोन पूर्ण माणसे घडवणे

प्रेमात पडण्यापलीकडे ज्यांना आयुष्यच नाही अशी पात्रे प्रेमकथेत सर्वांत निरुपयोगी ठरतात. नायक आणि नायिका यांच्याविषयी स्वतंत्रपणे, म्हणजे दुसऱ्याचा उल्लेखही न करता, चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. या माणसाला काय हवे आहे? त्याला कशाची भीती वाटते? ती भीती झाकण्यासाठी त्याने कोणती सवय लावून घेतली आहे? आणि त्या सवयीने आजवर त्याचे कोणते भले केले आहे? चौथा प्रश्न बहुतेक लेखक विचारत नाहीत आणि त्यामुळे त्यांच्या पात्रांचे दोष वरून चिकटवल्यासारखे वाटतात. ज्या सवयीने माणसाला तारले, यश मिळवून दिले, ती तो एका प्रेमासाठी सहजासहजी सोडणार नाही. तिचे मोल प्रेक्षकाला कळले, तरच ती सोडण्याचे मोलही कळते.

एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत चालवू. रेवा ही परिषदांमध्ये आणि बैठकांमध्ये काम करणारी दुभाषी आहे. एकमेकांशी न बोलणाऱ्या आईवडिलांचे निरोप लहानपणी ती या खोलीतून त्या खोलीत पोहोचवत असे, आणि स्वतःचे मत मध्ये न आणता दुसऱ्याचे म्हणणे नेमके मांडण्याची कला ती तेथेच शिकली. त्याच कलेवर तिचा व्यवसाय उभा आहे. निखिल हा भूकंपानंतर इमारतींची तपासणी करणारा स्थापत्य अभियंता आहे. भेग वेळीच ओळखणे आणि धोक्याची पाटी लावून माणसांना बाहेर काढणे हे त्याचे काम असून, त्याच्या या संशयी नजरेने अनेकांचे जीव वाचवले आहेत. आता अडथळ्याचे वाक्य आपोआप पुरे होते: रेवा स्वतःचे मत कधीच सांगत नाही आणि निखिलला न सांगितलेली प्रत्येक गोष्ट लपवलेल्या भेगेसारखी वाटते. येथे फोन करून काहीच सुटत नाही, कारण फोनवरही ती तशीच बोलेल आणि तो तसेच ऐकेल. दोघांच्या सवयी दातेरी चाकांप्रमाणे एकमेकींत अडकल्या पाहिजेत, एवढेच या टप्प्यावर साधायचे असते.

पहिली भेट

पहिल्या भेटीत धक्का लागून हातातली कागदपत्रे खाली पडण्याची गरज नाही. दोघेही आपापल्या कामात, आपापल्या सवयीसह वावरताना दिसली पाहिजेत, आणि एकाला दुसऱ्यातले जे आवडते तेच पुढे खुपणार आहे याची चाहूल त्या प्रसंगात दडलेली असली पाहिजे. निखिल रहिवाशांच्या बैठकीत सांगतो, की त्यांची इमारत पाडावी लागेल. रेवा त्याचे वाक्य त्यांच्या भाषेत सांगते. शब्द मऊ करत नाही, आवाज चढवत नाही. एक वृद्ध स्त्री तिला विचारते, की तुला काय वाटते, आम्ही जावे का? रेवा उत्तरते, ‘मी फक्त भाषांतर करते.’ निखिल त्या नेमकेपणाने भारावून जातो. हेच वाक्य पुढे त्याच्या वाट्याला येईल तेव्हा त्याला ते सोसणार नाही. आकर्षण आणि विच्छेद यांचे मूळ असे एकाच ठिकाणी असले, की शेवटाकडे नवी कारणे शोधत बसावे लागत नाही.

मध्यभाग: जवळीक आणि तिची किंमत

बहुतेक प्रेमकथा मध्यभागात ढासळतात. दोघे भेटली, आवडली. आता पुढे काय, हे न सुचल्यामुळे लेखक फिरण्याची, हसण्याची, गाण्याची दृश्ये एकामागून एक जोडत जातो. त्यांतले एखादे वगळले तरी कथेला काही होत नाही, आणि तेच त्यांच्या विरुद्धचे सर्वांत मोठे प्रमाण आहे. मध्यभागातील प्रत्येक प्रसंगात कोणीतरी काहीतरी पणाला लावले पाहिजे. पहिल्यांदा एखादी छोटी गोष्ट कबूल केली जाते आणि समोरचा ती जपतो. त्यामुळे मोठी गोष्ट सांगण्याचे धैर्य येते. ती सांगितल्यावर सांगणाऱ्यालाच भीती वाटते आणि तो मागे सरतो. मागे सरण्याने दुसरा दुखावतो आणि दुखावला तरी थांबतो. या पुढे येण्यात आणि मागे सरण्यात प्रत्येक वेळी पणाला लागणारी गोष्ट आधीपेक्षा मोठी होत गेली, तर कथा वर चढते. तीच राहिली, तर दोघे एकाच जागी गोल फिरत राहतात.

प्रसंगाची आखणी करताना नाट्यशास्त्रातील एक जुना भेद फार उपयोगी पडतो. शृंगार रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा भाव, रती (प्रेमाची ओढ) असला, तरी प्रसंगाप्रसंगातून वावरतात ते येणारे-जाणारे व्यभिचारी भाव, ज्यांची संख्या भरताने 33 सांगितली आहे: शंका, असूया, व्रीडा, चिंता, गर्व, औत्सुक्य, हर्ष असे कितीतरी. व्यवहारात याचा अर्थ असा, की नटाला ‘प्रेम’ करून दाखवता येत नाही. त्याला एका क्षणी लाज, दुसऱ्या क्षणी मत्सर, तिसऱ्या क्षणी अवचित अभिमान दाखवता येतो आणि त्या सर्वांमागे प्रेम आहे हे प्रेक्षक स्वतः ओळखतो. म्हणून प्रत्येक प्रसंगाच्या समासात असा एक नेमका भाव लिहून ठेवावा. सलग तीन प्रसंगांच्या समासात ‘हर्ष’च येत असेल, तर त्यांपैकी दोन काढून टाकायला हरकत नाही. उलट सगळीकडे चिंताच असेल, तर ही दोघे एकमेकांच्या सहवासात सुखी असतात हे प्रेक्षकाने पाहिलेलेच नाही, आणि मग त्यांच्या ताटातुटीचे त्याला सोयरसुतक उरत नाही. हसू ही प्रेमनाट्यात चैन नसून गरज आहे, आणि गंभीर लेखक ती हमखास विसरतात.

संवाद: न बोललेले ऐकू यावे

आजच्या संवादलेखनातला ठळक दोष असा, की पात्रे समुपदेशकासमोर बसल्यासारखी बोलतात. रेवा आणि निखिल यांच्यातील तणावाचा पहिला खर्डा बहुधा असा उतरेल:

निखिल : तू मनातलं बोलत नाहीस, त्यामुळे मला असुरक्षित वाटतं.
रेवा : मला माझ्या भावना व्यक्त करण्याची भीती वाटते.

यात खोटे काहीच नाही. पण प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरलेले नाही. ज्या माणसाला आपली भीती इतकी स्वच्छ दिसते, त्याची कथा जवळजवळ संपलेली असते. तोच प्रसंग एखाद्या क्षुल्लक वस्तूच्या आडून लिहून पाहावा:

निखिल : खिडकीतला तो दिवा कुठे गेला?
रेवा : दिला एकीला.
निखिल : तुला आवडायचा ना?
रेवा : तू म्हणाला होतास, डोळ्यांवर येतो.
निखिल : मग म्हणायचंस, राहू दे.
रेवा : दिवाच तर होता, निखिल.

वाद दिव्याचा नाही हे कोणी सांगत नाही आणि तरी तो कशाचा आहे हे समजते. शेवटच्या वाक्यात रेवा तिच्या मते भांडण मिटवते आहे, आणि निखिलच्या मते तिने आणखी एक दार लावून घेतले आहे. एकाच वाक्याचे असे दोन अर्थ दोघांच्या कानी पडले, की प्रसंगाला वेगळ्या तणावाची गरज राहत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक साधन मिळते, ते म्हणजे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे. हा बदल कोणत्या प्रसंगात होतो, तो कोण आधी करते, दुसरा तो लगेच स्वीकारतो की आणखी काही काळ ‘तुम्ही’ला चिकटून राहतो, आणि भांडणात पुन्हा ‘तुम्ही’ म्हटले जाते का, याचा स्वतंत्र विचार केला तर अनेक कबुल्या शब्दांत लिहाव्याच लागत नाहीत. तो बदल नकळत, कुठल्याही पानावर होऊ देणे हे साधन वाया घालवणे आहे.

फोनवरचे निरोप आजच्या कथेतून वगळता येत नाहीत, परंतु पडद्यावर किंवा रंगमंचावर लांबलचक मजकूर वाचायला लावणे कंटाळवाणे होते. निरोपापेक्षा निरोपाशी माणूस काय करतो ते अधिक नाट्यपूर्ण असते: लिहून खोडणे, वाचूनही न वाचल्याचे भासवणे, उत्तर लगेच तयार असूनही मुद्दाम वेळ जाऊ देणे, जुने संभाषण वर सरकवत एकाच ओळीपाशी थांबणे.

नकार, संमती आणि सत्तेचे प्रश्न

या बाबतीत प्रेक्षकाची नजर खरोखर बदलली आहे. नकार मिळाल्यावरही पाठपुरावा करणारा, तिच्या दाराशी ठाण मांडणारा, सर्वांसमोर मागणी घालून तिला कोंडीत पकडणारा नायक एकेकाळी निष्ठावान समजला जाई; आज त्याची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. अनेक लेखकांना याचा जाच वाटतो आणि प्रत्येक पावलावर विचारणा आली की ओढ मरते, अशी तक्रार ते करतात. ही तक्रार मला पटत नाही. विचारणे म्हणजे नाही ऐकण्याची तयारी ठेवणे, म्हणजेच काहीतरी पणाला लावणे, आणि आपण मध्यभागासाठी नेमके तेच शोधत होतो. उत्तर येण्यापूर्वीचा क्षण लेखकाने घाईने उरकला नाही, तर त्यात भरपूर ताण असतो.

नकाराचा मान राखणारे पात्र दुबळे दिसू नये यासाठी त्या नकाराने त्याला झालेले दुःख पूर्णपणे दाखवावे आणि त्यानंतरचे त्याचे वागणेही दाखवावे. दोघांपैकी एक दुसऱ्याचा वरिष्ठ, शिक्षक किंवा उपचार करणारा असेल, तर त्या असमानतेकडे डोळेझाक करू नये. कथेतल्या कोणीतरी, शक्यतो ज्याच्या हाती सत्ता आहे त्यानेच, तो प्रश्न उच्चारला पाहिजे. अन्यथा प्रेक्षक तो उच्चारतो आणि लेखकावरचा त्याचा विश्वास उडतो.

इतर पात्रांविषयी थोडक्यात. नायिकेची घालमेल ऐकून घेण्यापुरती येणारी मैत्रीण काढून टाकावी किंवा तिला स्वतःचे मत, आणि ते चुकीचे असण्याची मुभा द्यावी. तिसरी व्यक्ती कथेत असेल, तर ती खरोखर चांगली निवड असावी. दुष्ट प्रतिस्पर्ध्याला नाकारण्यात कसलाच निर्णय नसतो.

ताटातूट

नाट्यशास्त्रातील आठ नायिका-अवस्थांपैकी कलहांतरिता ही अवस्था आजच्या कथेला सर्वांत जवळची आहे, असे मला वाटते: भांडून प्रियकराला दूर केलेली आणि आता पश्चात्तापाने जळणारी. तिला कोणी अडवलेले नाही, जे झाले ते तिच्याच हातून झाले आहे. ताटातुटीचा प्रसंग लिहिताना हे तत्त्व दोन्ही पात्रांना लावावे. बाहेरची घटना निमित्त म्हणून चालेल, पण घाव पात्रांच्या स्वभावानेच बसला पाहिजे.

निखिलला दूरच्या भूकंपग्रस्त प्रदेशात दीर्घ कामाचे बोलावणे येते. तो रेवाला विचारतो, की जाऊ का? ती म्हणते, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ तिच्या दृष्टीने हा त्याच्या स्वातंत्र्याचा आदर आहे. शिवाय ‘जाऊ नकोस’ म्हणणे तिला येतच नाही. निखिल त्यात उदासीनता वाचतो आणि पुन्हा न विचारता मनातल्या मनात धोक्याची पाटी लावून निघून जातो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघांचीही चूक आहे. प्रसंग लिहून झाल्यावर तो आधी केवळ तिच्या बाजूने आणि मग केवळ त्याच्या बाजूने वाचून पाहावा. एका वाचनात दुसरे पात्र सरळसरळ खलनायक ठरत असेल, तर तोल गेला आहे.

शेवट

शेवट सुखाचा की दुःखाचा हा प्रश्न वाटतो तेवढा महत्त्वाचा नाही. शेवटापूर्वी एकाने तरी आपली जुनी सवय, तिचे सर्व फायदे गमावून, सोडली का, हे महत्त्वाचे. म्हणून जोडणारी कृती नेमक्या त्या जखमेवरची असावी लागते. गर्दीतून धावत येऊन केलेले भाषण रेवा-निखिलच्या बाबतीत काहीच सोडवत नाही, कारण त्यांची अडचण धावण्याची कधीच नव्हती. रेवाने एवढेच म्हणणे पुरेसे आहे: ‘तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तू जाशील, आणि तेही बरोबर आहे; पण मला हे वाटतं.’ आपले मत मानले जाणार नाही हे ठाऊक असताना ते उच्चारणे ही तिच्यासाठी सर्वांत महाग गोष्ट आहे. निखिलने त्यावर लगेच निर्णय न देता, समोर भेग दिसत असताना तेथेच बसून राहणे ही त्याची किंमत. त्यानंतर तो गेला किंवा थांबला, तरी कथा आपल्या जागी पोहोचलेली असते.

मोकळा शेवट हवा असल्यास मोकळे काय ठेवायचे हे लेखकाला स्पष्ट असावे. पुढे काय घडेल हे मोकळे ठेवता येते. दोघांनी काय निवडले हे मात्र मोकळे ठेवता येत नाही. ज्या शेवटात निवडच झालेली नसते, त्याला मोकळा शेवट म्हणणे ही पळवाट आहे.

पुनर्लेखन

पहिला खर्डा झाल्यावर काही दिवस तो बाजूला ठेवून मग वेगवेगळ्या नजरांनी वाचावा. एकाच वाचनात सगळे दोष पकडण्याच्या प्रयत्नात एकही धड सापडत नाही. पहिल्या वाचनात फक्त अंतर पाहावे: प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला दोघे किती जवळ होती आणि शेवटी किती. ज्या प्रसंगात हे अंतर बदललेले नाही, तो दुसऱ्या प्रसंगात मिसळावा किंवा काढावा. दुसऱ्या वाचनात ‘प्रेम’ हा शब्द आणि त्याचे सगळे भाईबंद खोडून पाहावे व खरोखर अडले तेथेच परत लिहावे. असे फारच थोडे येतील. तिसऱ्या वाचनात एका पात्राचेच प्रसंग सलग वाचावे, म्हणजे त्याचे काम, त्याची माणसे आणि त्याच्या अडचणी मध्येच नाहीशा झाल्या असतील तर लक्षात येते.

लांबीचा अंदाजही याच वेळी घ्यावा. चित्रपटाच्या प्रचलित मांडणीत पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा सुमारे एक मिनिट असा ठोकताळा असून पूर्ण लांबीची पटकथा साधारण 90 ते 120 पानांची असते. ताटातूट 60व्या पानाच्या आत आली, तर पुढची पाने नुसत्या विरहावर रेटावी लागतात, आणि 110व्या पानावर आली, तर शेवट घाईत उरकतो. मालिकेत हिशेब वेगळा असतो: तेथे मूळ अडथळा अनेक भागांपर्यंत टिकवायचा असल्याने प्रत्येक भागात त्याचा एखादा छोटा तुकडा सुटलाच पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला आपल्याला ताटकळत ठेवल्याची जाणीव होते.

सर्वांत शेवटी दोन माणसांना समोरासमोर बसवून सगळे संवाद मोठ्याने वाचून घ्यावेत. रंगसूचना वाचू देऊ नयेत आणि लेखकाने स्वतः वाचू नये. जेथे वाचणारा अडखळतो, जेथे त्याला नको तेथे हसू येते, जेथे तो वाक्य आपल्या सोयीने बदलून म्हणतो, त्या प्रत्येक जागी केवळ खूण करावी आणि वाचन थांबवू नये. त्या खुणांवरून पुढचा खर्डा सुरू करावा.